क्रिंपिंग (नौकांची विद्युत जोडणी)

क्रिंपिंग ही विद्युत तारेच्या टोकाला धातूचे जोडटोक दाबून बसवण्याची पद्धत आहे. तारेचे उघडे तंतू जोडटोकाच्या नळीत घालून ती नळी विशिष्ट साच्याच्या हत्याराने दाबली जाते. या दाबाने नळी व तंतू यांचा आकार कायमचा बदलतो आणि त्यांच्या संपर्कपृष्ठांमध्ये फट उरत नाही. वीजतंत्री अशा जोडटोकाला 'लग' किंवा 'थिंबल' म्हणतात. लहान नौकांवरील १२ किंवा २४ व्होल्टच्या एकदिश विद्युत प्रणालीत तारा जोडण्याची ही प्रमुख पद्धत आहे.

नौकेवरील महत्त्व

इंजिनाच्या व लाटांच्या हादऱ्यांमुळे नौकेवरील तारा सतत हलत असतात. डाख लावलेल्या जोडात वितळलेला डाख तंतूंमध्ये ओढला जातो व तारेचा तेवढा भाग ताठ होतो. हा ताठ भाग जेथे संपतो तेथे तार वारंवार वाकून तुटण्याचा संभव असतो. म्हणून अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेच्या ई-११ मानकानुसार केवळ डाखाच्या यांत्रिक आधारावर जोड करता येत नाही. बॅटरीच्या लगसाठी मात्र काही अटींवर अपवाद आहे. खाऱ्या हवेत तांबे लवकर गंजते, त्यामुळे कल्हई केलेल्या, अनेक तंतूंच्या तांब्याच्या तारा वापरणे श्रेयस्कर ठरते.

सदोष जोडाचा धोका

सदोष जोडाचा रोध ०.१ ओहम असेल व त्यातून १० अँपिअर धारा वाहत असेल, तर जोडावर १ व्होल्ट दाब खर्च होतो आणि १० वॅट उष्णता निर्माण होते. १२ व्होल्टच्या प्रणालीत ही घट सुमारे ८ टक्के आहे. दिशादर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या उपकरणांसाठी वरील मानक संपूर्ण परिपथात ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्ट एवढीच घट मान्य करते. अशा जोडामुळे परिपथातील धारा वाढत नाही, उलट किंचित कमी होते. त्यामुळे फ्यूज वितळत नाही. जोड तापत राहतो, धातूचे ऑक्सिडीकरण होऊन रोध आणखी वाढतो आणि शेवटी तारेचे आवरण पेट घेऊ शकते. या दोषापासून फ्यूज संरक्षण देत नसल्याने जोडाचा दर्जा हेच खरे संरक्षण ठरते.

हत्यारे

साध्या क्रिंपिंग पकडीत दाब हाताच्या जोरावर अवलंबून असल्याने प्रत्येक जोड वेगळा होतो. रॅचेट पक्कड ठरलेला दाब पूर्ण झाल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे जोड एकसारखे होतात. आवरणयुक्त जोडटोकांसाठीच्या पकडीचा जबडा दोन ठिकाणी दाबतो: एक दाब तंतूंवर, तर दुसरा तारेच्या आवरणावर आधारासाठी असतो. उष्णतेने आकसणाऱ्या आवरणाच्या जोडटोकांना गुळगुळीत साचा लागतो. टोकदार साच्याने आवरणाला भोक पडून पाणी आत शिरते. बॅटरीच्या जाड केबलसाठी षट्कोनी साच्यांची लांब दांड्याची किंवा हायड्रॉलिक हत्यारे वापरतात.

आवरणयुक्त जोडटोकांचा रंग तारेचा आकार दर्शवतो: लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ चौ. मिमी. साच्यावरही बहुधा याच रंगांच्या खुणा असतात.

कृती

तंतू न कापता तारेचे आवरण नळीच्या लांबीइतके सोलतात. तंतू नळीत पूर्ण शिरल्यावर जोडटोक योग्य साच्यात ठेवून पक्कड आपोआप सुटेपर्यंत दाबतात. सैल बसणाऱ्या नळीसाठी तार दुमडून भरणे किंवा मोठ्या तारेचे काही तंतू कापणे अयोग्य आहे. दाबण्यापूर्वी तंतूंना डाख लावू नये. डाख मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकतो व जोड सैल होतो. शेवटी आतून चिकटद्रव्य असलेली नळी उष्णतेने आकसवून जोड बंद करतात.

तपासणी

प्रत्येक जोड हाताने ओढून पाहतात. मानकातील चाचणीत तारेच्या आकारानुसार ठरलेला ताण एक मिनिट दिला जातो आणि तेवढ्या वेळात जोड सुटता कामा नये. वापरातील जोडाची तपासणी उपकरण चालू असताना करतात, कारण धारा वाहत नसताना दाबातील घट दिसत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमापी लावल्यास ही घट थेट मोजता येते. स्पर्शाला गरम लागणारा किंवा आवरणाचा रंग बदललेला जोड कापून नव्याने करतात.