कुत्र्याची जात किती सांगते?

इंदूरमधल्या घरात पिल्लू आणायचं ठरलं की चर्चा जातीपासून सुरू होते. लॅब्रेडॉर मायाळू, जर्मन शेफर्ड राखणीला चांगला, हस्की दिसायला देखणा. पिल्लाची आई स्वभावाने कशी आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

जातींचे गट पडले ते मुख्यतः कामावरून. एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना असे 10 गट मानते. कुणी मेंढ्या वळायचा, कुणी बिळातून उंदीर-घुशी हुसकायचा, कुणी वासावर माग काढायचा. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने जोपासलेला मुधोळ हाऊंड नजरेने सावज टिपून धावणारा. लांब पाय, खोल छाती, आणि काही हललं की झेपावणं हे त्याच्या अंगातच आहे. सोसायटीच्या बागेतल्या खारीमागे तो सुटला, तर त्याला उनाड म्हणणं अन्यायाचं होईल. हीच चपळाई हेरून ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दल या कुत्र्यांना शिकवून तयार करतं.

पण घरातल्या एकेका कुत्र्याचा स्वभाव गटावरून ओळखता येतो का? एलिनॉर कार्लसन यांच्या चमूने अमेरिकेत 18,385 कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, 2,155 कुत्र्यांची जनुकं तपासली आणि 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीमुळे असतो. माणसाचं ऐकण्याची वृत्ती जातीशी त्यातल्या त्यात जास्त जोडलेली निघाली. कुत्रा किती चटकन बिथरेल, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येईना. लहान मूल असलेल्या घराला तर नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं! त्यासाठी पिल्लू तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात किती माणसांत वावरलं, याची चौकशी करावी.

शरीराबद्दल मात्र जात खात्रीने बोलते. हस्कीची दुपदरी लोकर सैबेरियाच्या थंडीसाठी आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती त्याला जाच होते. चपट्या नाकाच्या पगला धापा टाकूनही अंग निववता येत नाही. आखूड केसांचा, सडपातळ गावठी कुत्रा हे ऊन पिढ्यान्‌पिढ्या सोसत आला आहे. एफसीआयच्या कुठल्याच गटात तो नाही. पिल्लू शोधायला निघालेल्यांनी आधी आपल्याच गल्लीत पाहावं.