थर्मामीटर नव्हता तेव्हा किती तापायचं? झाडाची वलयं सांगतात, पण सगळी झाडं नाही

‘आमच्या लहानपणी एवढं ऊन नव्हतं,’ हे वाक्य एप्रिल लागला की गावोगावच्या पारावर ऐकू येतं. ते खरं की आठवणीचा खेळ, हे ठरवायला जुन्या नोंदी लागतात. भारतीय हवामान विभाग स्थापन झाला १८७५ साली. मग तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं तापमान शास्त्रज्ञ कुठून काढतात? त्यासाठी ते झाडाच्या खोडात पाहतात.

वखारीत आडवा कापलेला सागाचा ओंडका बघा. एकात एक गोल वलयं दिसतील. नवी पालवी फुटते तेव्हाच्या लाकडात मोठी छिद्रं असतात, हंगाम सरत येतो तसं लाकूड घट्ट होतं. मग पानगळ, आणि वाढ थांबते. झालं एक वर्ष, एक वलय. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी झाडांत ही वलयं नीट दिसतच नाहीत, साग त्याला अपवाद.

वर्ष चांगलं गेलं तर वलय रुंद, वाईट गेलं तर अरुंद. पण वाईट म्हणजे नेमकं काय? खरी गोम इथेच आहे. झाडाचं ज्याच्यावाचून अडतं, त्याचीच नोंद ते ठेवतं. आपल्या सागाला ऊब कमी पडत नाही, पाणी कमी पडतं. म्हणून त्याच्याकडे हिशेब मिळतो तो मुख्यतः पावसाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ठाणे भागातल्या सागावर काम केलं आहे. केरळातल्या सागावरून तर तिथल्या शास्त्रज्ञांनी पाचशेहून अधिक वर्षांची मालिका तयार केली. त्यातली बरीच अरुंद वलयं एल निनो आणि दुष्काळाच्या वर्षांशी जुळतात.

तापमान हवं असेल तर जिथे उबेचीच टंचाई आहे, तिथे जावं लागतं. उत्तर स्कँडिनेव्हिया, सायबेरिया, आल्प्सचे उंच उतार. तिथल्या झाडांना वाढायला दोन-तीन महिनेच मिळतात. उन्हाळा गार गेला की वलयाच्या शेवटचं लाकूड विरळ राहतं, आणि ही घनता क्ष-किरणांनी मोजता येते. पेरूमध्ये १६०० साली वायनापुतिना ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आणि वायू वातावरणात पसरले आणि १६०१ चा उन्हाळा कमालीचा गार गेला, हे उत्तरेकडच्या झाडांत स्पष्ट उमटलं आहे.

हिमालयातला देवदार जरा वेगळा. तिथे मार्च ते मे जास्त तापलं की जमीन सुकते आणि वलय उलट बारीक होतं. म्हणजे उन्हाची नोंद आहे, पण उलटी वाचायची.

यासाठी झाड तोडत नाहीत बरं का. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीपेक्षा बारीक नमुना काढतात. अनेक झाडांच्या रुंद-अरुंद खुणा एकमेकांशी जुळवून प्रत्येक वलयाला साल देतात. जुन्या घरांच्या तुळयाही यात चालतात. ही पद्धत बसवणारे अमेरिकेतले अँड्र्यू डग्लस मुळात खगोलशास्त्रज्ञ! शेवटी अलीकडची वलयं थर्मामीटरच्या नोंदींशी ताडून पाहतात. काही वर्षांवरून गणित बसवायचं, उरलेल्या वर्षांवर ते तपासायचं. जुळलं तरच मागे जायचं.

तरी सगळं सुरळीत नाही. साधारण १९६० नंतर उत्तरेकडच्या काही जंगलांत तापमान वाढलं, पण झाडांच्या नोंदी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. कारणांवर वाद आहे. त्यामुळे नुसत्या झाडांवर न थांबता बर्फाचे थर, प्रवाळ, तळ्यांतला गाळ यांच्याशीही ताळा घेतात.

जुना सागाचा ओंडका मिळालाच, तर सालीकडून आत मोजत १९७२ च्या दुष्काळापर्यंत जाऊन बघा. फक्त झाड कोणत्या साली तोडलं ते मालकाला आधी विचारून घ्या, नाहीतर मोजणी तिथेच चुकते.