आधी विषामृत, मग कोलांटी

मैदानी खेळांत जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरचं नाव निघतं ते कुस्तीमुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे ‘नमो कुस्ती महाकुंभ’ भरला, तेव्हा पंचक्रोशीतली पोरंटोरं आखाड्याभोवती दाटीवाटीने बसली होती. याच जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्याचे विजय चौधरी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी ठरले. जिम्नॅस्टिक्स त्या मानाने पाहुणं. २०१६ मध्ये रिओला दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये चौथी आली आणि हा खेळ घराघरांतल्या टीव्हीवर दिसला. पदकाची घाई नसलेल्या, हौसेने कोलांट्या मारायला येणाऱ्या सहा-आठ वर्षांच्या मुलांना तासातला कुठला भाग आवडतो असं विचारलं, तर उत्तर बहुधा सुरुवातीच्या आणि शेवटच्या खेळांचं येतं. हे खेळ तासात कसे शिरले, त्याची गोष्ट मात्र मोठी वळणावळणाची आहे.

अंग तापवणं तालमीला नवं नव्हतं. हौदा खणायचा, लाल माती वरखाली करायची. एवढ्यातच निम्मा घाम निथळायचा. मग जोर, बैठका, सपाट्या. मेहनत झाली की एकमेकांचं अंग रगडायचं, पाठीवर पाय द्यायचा, घरची ऐपत असेल तर बदामाची थंडाई. क्रम अगदी शास्त्रशुद्ध. पण यात खेळ कुठेच नव्हता. लहानग्यांच्या वाट्याला फार तर जत्रेतल्या रेवड्यांवरच्या कुस्त्या यायच्या. पकडापकडी खेळायची ती तालमीच्या उंबऱ्याबाहेर, गल्लीत.

युरोपातही खेळ आणि व्यायाम यांची अशी ताटातूट झाली होती. जर्मनीत गुट्समुट्सने १७९३ मध्ये मुलांच्या जिम्नॅस्टिक्सवर पुस्तक लिहिलं आणि तीनच वर्षांनी, १७९६ मध्ये, खेळांवर वेगळं पुस्तक काढलं. एकाच शिक्षकाला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. पुढे स्वीडनच्या लिंगने १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था उभारली आणि त्याच्या पद्धतीत तासाची नीट आखणी झाली. आधी हलक्या हालचाली, मध्ये अवघड, शेवटी श्वासाचे व्यायाम. आखणी उत्तम, पण हिंदुस्थानातल्या शाळांपर्यंत ती पोचेपर्यंत तिची ‘सावधान-विश्राम’ झाली होती. रांगेत उभं राहून आकड्यांवर हात वर-खाली करणाऱ्या मुलाचं अंग तापत असेल. मन तापलं असेल असं वाटत नाही.

महाराष्ट्रात व्यायामाच्या चळवळीने जोर धरला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. बडोद्याहून १९३६ पासून मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे जाडजूड खंड निघू लागले. कांदिवलीला १९३८ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी संस्था सुरू झाली. याच काळात खो-खो, हुतुतू यांना नियम मिळाले, मैदानाची मापं ठरली, पंच आले. नियमांनी या खेळांना मोठं केलं. पण ‘डोंगराला आग लागली’ला कुणी नियम दिले नाहीत, ‘तळ्यात-मळ्यात’ला पंच मिळाला नाही. बरंच झालं म्हणायचं. ते मुलांच्या ताब्यात राहिले, म्हणून आज हवे तसे वाकवता येतात.

खेळाला मान देणारी एक वाट खानदेशच्या ओळखीची आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते; पुढे त्यांच्या विचारांचा मोठा आधार राष्ट्र सेवा दलाला मिळाला. १९४१ मध्ये सुरू झालेल्या दलाच्या शाखांत संध्याकाळी खेळ, कवायत, लेझीम आणि गाणी एकाच तासात नांदायची. शरीर कमावण्यापेक्षा मुलं जमवणं हा तिथला हेतू. आजच्या हौशी वर्गाची गरजही तीच आहे.

जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात मात्र मधली कित्येक वर्षं सुरुवात ठरलेली होती: हॉलला पाच फेऱ्या आणि मग पाय फाकवून, श्वास रोखून ताण. विशीतल्या स्पर्धकाचा कार्यक्रम जसाच्या तसा सहा वर्षांच्या मुलाला. साधारण २००० च्या आसपासच्या अभ्यासांनी याला धक्का दिला. स्थिर ताण बराच वेळ धरला तर लगेच नंतर उडीची ताकद थोडी घटते, असं दिसू लागलं. इयन जेफ्रीज या प्रशिक्षकाने २००७ मध्ये सराव-सुरुवातीची चार पायऱ्यांची मांडणी केली: नाडी वाढवा, स्नायू जागे करा, सांधे मोकळे करा, मग जोर वाढवत न्या. पहिल्या तीन पायऱ्या गल्लीतल्या खेळांत आयत्या सापडतात.

विषामृतच घ्या. ‘विष’ म्हणून शिवलं की मुलगा जागीच थिजतो, ‘अमृत’ मिळालं की सुटतो. जिम्नॅस्टिक्सच्या तासात त्यात एवढाच बदल: विष लागलेल्याने हातापायांवर उलटी कमान धरायची आणि अमृत देणाऱ्याने त्या कमानीखालून सरपटत जायचं. कमान करणाऱ्याचे खांदे आणि मनगटं उघडतात, सरपटणाऱ्याचं पोट-पाठ कामाला लागतं आणि सगळ्यांची धाप वाढते. लहानांना कमान जमत नसेल तर पाय फाकवून उभं राहिलं तरी चालतं. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये हुकूम टक (गुडघे छातीशी), पाइक (पाय सरळ, कमरेत वाकून), स्ट्रॅडल (पाय फाकवून) असे द्यायचे. तळ्यात-मळ्यात दोन्ही पायांनी खेळायचं आणि गुडघे वाकवून, आवाज न करता टेकायचं. पुढे व्हॉल्टवरून उतरताना हीच सवय उपयोगी पडते. अस्वलचाल, खेकडाचाल, बेडूकउड्या या तर मनगटांसाठीच, कारण जिम्नॅस्टिक्समध्ये हात पायाचं काम करतात आणि मुलांची मनगटं त्याला सरावलेली नसतात.

एक गोष्ट मात्र जुन्या खेळांतून काढून टाकलेली बरी: बाद होऊन बसणं. सगळ्यात आधी बाद होतो तो सगळ्यात मंद धावणारा, म्हणजे ज्याला हालचालीची गरज जास्त तोच कोपऱ्यात बसतो, आणि त्याचं अंग पुन्हा गार पडतं. पाच उड्या मारून परत ये, म्हटलं की प्रश्न मिटतो.

शेवटच्या खेळांबद्दल दावे जपून करावेत. व्हॅन हूरेन आणि पीक यांनी २०१८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, सरावानंतरच्या हलक्या हालचालींनी दुसऱ्या दिवशीची अंगदुखी फारशी कमी होत नाही, असंच निघालं. मग त्या कशाला? उधळलेली मुलं घरी जाण्याआधी ताळ्यावर यावीत म्हणून. आणि अंग तापलेलं असताना ताण सुखाने घेता येतो म्हणून. ‘मामाचं पत्र हरवलं’चं रिंगण पाय फाकवून बसवायचं आणि रुमालाऐवजी चेंडू घरंगळवायचा. पोरं चेंडूच्या नादात पुढे वाकतात, तेवढं वाकायला एरवी विनवण्या कराव्या लागतात. सागरगोटे पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचे. चवड्यांना त्याने चांगला व्यायाम होतो. शेवटी शवासनात सगळ्यात जास्त वेळ कोण हलत नाही याची पैज.

जामनेरात या सगळ्याचं वेळापत्रक हवामान ठरवतं. शिबिरं भरतात नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा तास सकाळी साडेनऊच्या आत संपलेला बरा. पळापळीला पाच मिनिटं पुरतात. सावली, पाणी आणि शेवटच्या रिंगणाला दुप्पट वेळ द्यावा लागतो. डिसेंबरच्या पहाटे उलटं. फरशी बर्फासारखी असते, पोरं स्वेटर काढायला तयार नसतात आणि विषामृताचे दोन डाव झाल्याशिवाय कोलांटीचं नाव काढता येत नाही.