बाहेरचे खाणे : घाटाच्या पायथ्याशी

कर्जत हे गाव पुष्कळांना ठाऊक असते ते आगगाडीच्या खिडकीएवढेच. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी थांबते, ‘वडाऽ, गरम वडाऽ’ ही आरोळी खिडकीशी येते, आतला हात बाहेर जातो, बाहेरचा पुडा आत येतो आणि गाडी हलते. झाली कर्जतची ओळख! गावाजवळून उल्हास नदी वाहते, गावात भाताचे संशोधनकेंद्र आहे, ‘कर्जत’ हेच नाव लावून निघालेल्या भाताच्या जाती शेतकरी पेरतात, हे त्या प्रवाशाच्या गावीही नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वडा कढत असताना मनुष्याने भूगोलाचा विचार करू नये.

परंतु तो वडा मुळात भूगोलाचाच आहे. कर्जत सोडल्यावर गाडीला बोरघाट चढावा लागतो. हा चढ असा की काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर जाता येते. ऐकताना हे काहीच वाटत नाही. पण भरलेल्या गाडीला ते एकट्या इंजिनाच्या बळावर झेपत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिने जोडतात. रेल्वेची मंडळी त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती मागून रेटतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. ती जोडायला जी काही मिनिटे लागतात, तेवढ्यात दिवाडकरांच्या बटाटेवड्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. डोंगर थोडा उतरता असता, तर हा वडा फार तर तालुक्यात गाजला असता!

घाटाच्या पायथ्याला असा थांबा काही रेल्वेनेच आणला असे नाही. खोपोलीला नाना फडणीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. घाट चढण्याआधी बैलांना पाणी आणि माणसांना सावली हवीच. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. पुढे १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच अडली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, पण मधला घाट तसाच राहिला. तेव्हा मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरे आणि डोलीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळ्याला जाई. १८६३ साली घाटातली रेल्वे झाली आणि खोपोली एका फाट्याचे शेवटचे स्टेशन होऊन राहिली. पाच वर्षांचा तो सक्तीचा थांबा गेला, पण सवय गेली नाही. मोटारी आल्या आणि जुन्या हमरस्त्यावर रमाकांतच्या वड्यापाशी त्या थांबू लागल्या. घाटाआधी पोटाला आधार द्यावा, ही रीत बैलगाडीपासून मोटारीपर्यंत एकच आहे.

असे असूनही एक गोष्ट मला फार दिवस खटकत आली. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत खाण्याची जी नावाजलेली ठिकाणे आहेत, ती सगळी जाणाऱ्यायेणाऱ्यांची. इथे राहणाऱ्याने कुठे बसावे?

मी खोपोलीत वाढले. १९९० च्या आसपास आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे चहा, भजी, मिसळ आणि पुरुष. बाकांवर गिरणीचे कामगार, ट्रकवाले आणि वर्तमानपत्र उलगडून बसलेले चार म्हातारे. बाईमाणसाने आत जाऊन बसावे अशी ती जागाच नव्हती. एखाद्या हॉटेलात कोपऱ्यात पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असे. तिच्यात नवरा बरोबर असेल तरच शिरायचे. आमच्या आईला मिसळ अतोनात आवडे. पण हॉटेलातली मिसळ तिने खाल्ली ती नेहमी घरात, डब्यातून आणलेली, फरसाण पार मऊ झाल्यावर. ‘तिथे कुरकुरीत लागते का गं?’ असे तिने एकदा माझ्या भावाला नव्हे, मला विचारले होते. मला तरी काय ठाऊक असणार!

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे शब्द उचकटून पाहण्याची खोड मला लागली आहे. ‘बाहेर’ हा आपल्या भाषेतला मोठा संशयित शब्द. कुणाला झपाटले तर ‘बाहेरचे’ झाले म्हणतात. पुरुषाचे पाऊल वाकडे पडले तर तो बाहेरख्याली. आणि बाई महिन्याचे चार दिवस ‘बाहेरची’. या रांगेत ‘बाहेरचे खाणे’ येऊन बसले, तेव्हा ते सरळ मनाने कोण खाणार? त्यात सोवळेओवळे आणि जात. रेल्वेच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या पाट्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत होत्या. तहानेला धर्म लावणाऱ्या समाजाने भुकेला जात लावली, यात नवल नाही.

ही कोंडी लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना फोडली ती इराण्याने. मुंबईत कयानी १९०४ पासून, पुण्यात गुडलक १९३५ पासून. संगमरवरी टेबल, वाकड्या पाठीची खुर्ची, बनमस्का आणि चहा. इराण्याने गिऱ्हाइकाची जात विचारली नाही, आणि एका कपावर तो तासभर बसला तरी हटकले नाही. पुण्यामुंबईच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे निम्मे शिक्षण या टेबलांवर झाले. आमच्या घरातल्या बायकांच्या वाट्याला मात्र तो इराणी कधी आला नाही.

त्यांच्या वाट्याला आली ती चायनीजची गाडी. हे वाक्य वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, हे मी जाणून आहे. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतही ती उमटते. ‘बाई, हे चीनमध्ये कुणी खात नाही,’ असे एक ज्येष्ठ सहकारी मला दर पंधरा दिवसांनी सांगतात. त्यांचे म्हणणे खरेच आहे. मंचुरियन हा पदार्थ मांचुरियात नव्हे, १९७५ साली मुंबईत जन्मला, असे सांगतात. कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने आले, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस घातला, असा त्याचा वृत्तांत आहे. म्हणजे फोडणी आपली आणि सॉस चिनी. ‘शेजवान’चीही तीच कथा. चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाची खरी खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारा एक मसाला. तो आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ आहे. ते तिरफळ कोकणात बांगड्याच्या तिखल्यात पडते. पण गाडीवरच्या लालभडक शेजवान चटणीत त्याचा मागमूस नसतो. तिथे नुसती लसूण आणि लाल मिरची. आपल्या परसातली खरी खूण सोडून आपण तिचे नाव तेवढे चीनहून आणले!

पण शुद्धतेचाच आग्रह धरायचा, तर त्या सहकाऱ्यांच्या हातातल्या कपाचे काय करावे? ‘चहा’ हा शब्द मूळचा चिनी. सोबतचा समोसा इराणकडून आलेला, जिलबी आणि फालुदा त्याच वाटेचे. वड्यातल्या बटाट्याचे नाव पोर्तुगीज, त्याभोवतीच्या पावाचेही पोर्तुगीज, आणि चटणीतली मिरची अमेरिकेतून निघून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेली. कर्जतचा वडा मराठी झाला तो जन्माने नव्हे, सहवासाने. मंचुरियनलाही तेवढी मुदत द्यायला हरकत नसावी. गाडीवरच्या भडक रंगाबद्दल आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाबद्दल कुणी बोलेल, तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. आपल्या भज्यांच्या कढईलाही तोच न्याय लावावा म्हणजे झाले.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ही गाडी रस्त्याकडेला उभी राहते. लाल कापडावर पिवळा ड्रॅगन. खाली मराठीत पदार्थांची नावे, आणि शुद्धलेखन असे की माझा हात लाल पेनाकडे जातो. ‘मंच्यूरीयन’, ‘मनचाव सुप’, ‘ट्रिपल शेजवाण’. आचारी बहुधा नेपाळकडचा. शेगडी फुरफुरते, कढई उडते आणि शेजारी प्लॅस्टिकचे सात-आठ स्टूल मांडलेले असतात. सारे महत्त्व या स्टुलांचे आहे. वडा उभ्याने, चालता चालता, गाडी सुटण्याच्या धाकात खायचा असतो. नूडल्स तसे खाता येत नाहीत. त्यांना बसावे लागते. बसले की बोलणे आले.

मागच्या मार्चमध्ये परीक्षा संपली त्या संध्याकाळी आमच्या वर्गातल्या तिघी मी तिथे पाहिल्या. एक ठाकरवाडीवरची, घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली पहिलीच. दुसरी भाताच्या गिरणीवर काम करणाऱ्याची लेक. तिसरी रेल्वे-क्वार्टरमधली. तिघींत एक फुल प्लेट हक्का नूडल्स आणि एक चायनीज भेळ मागवली होती. आधी पैसे मोजून घेतले, मग भावाची पाटी पुन्हा वाचली, मग तिसऱ्या रिकाम्या ताटलीसाठी आचाऱ्याशी थोडी हुज्जत घातली. मला पाहून त्या उठू लागल्या. मी हातानेच बसा म्हटले आणि पुढे गेले. तीन मुली, बरोबर भाऊ नाही, बाप नाही, पडदा नाही, आणि त्या गावाच्या भर रस्त्यावर बसून खात आहेत. हे दृश्य माझ्या आईच्या हयातीत मी या गावात पाहिले नव्हते.

आता आइस्क्रीम-फालुद्याची दुकानेही झाली आहेत. रात्री नऊनंतर तिथे सासू, सून, नातू अशी सगळी वरात येते. सासूबाई ‘मला नको, घसा धरतो’ म्हणतात आणि नातवाचा निम्मा ग्लास संपवतात. पडद्याची खोली कुणालाच आठवत नाही.

खालापूरकडे मात्र वेगळे चित्र आहे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि टोलनाक्याजवळ फूड मॉल आला. लख्ख दिव्यांखाली मिसळ, डोसा, पंजाबी, चायनीज, बर्गर असे सारे जग एका छपराखाली. प्रसाधनगृहांची सोय चांगली आहे आणि लांबच्या प्रवासात बायकांना तिचे मोल किती असते, हे पुरुषांना सांगून कळणार नाही. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, पायी चालणाऱ्यालाही बंदी. आजूबाजूच्या वाड्यांतल्या मुलांना तो मॉल माहीत आहे तो काउंटरच्या आतल्या बाजूने. ती टोपी घालून वडे देतात आणि जेवायच्या सुट्टीत घरून आणलेला भाकरीचा डबा उघडतात. दाराशी मॉल आणि त्यात आपण पाहुणे नव्हे, वाढपी!

आणि थांबेही आटू लागले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिला बोरघाटात बँकर लागत नाही. स्वतःच्याच बळावर ती चढते आणि कर्जतला थांबत नाही. थांबली असती तरी तिच्या खिडक्या उघडत नाहीत. अशा गाड्या वाढत जातील, तसा पुड्याने आत जाण्याचा मार्ग अरुंद होत जाणार. ज्यांचा धंदा केवळ थांब्यावर आहे, त्यांना कधी ना कधी स्टेशनाच्या दुसऱ्या बाजूला, गावाकडे तोंड करून बसावे लागेल. चायनीजवाला तसा पहिल्या दिवसापासून बसला आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसे शेतघरांवर आणि रिसॉर्टांवर येतात आणि सोमवारी निघून जातात. त्याची शेगडी सोमवारीही पेटते.

म्हणूनच अधूनमधून ‘रस्ता मोकळा करा’ म्हणून या गाड्या उठवल्या जातात, तेव्हा मला वाईट वाटते. रस्ता अडू नये हे कबूलच. पण पथविक्रेत्यांना ठरलेली जागा आखून द्यावी, असे सांगणारा केंद्राचा कायदा २०१४ सालचा आहे. गावातल्या एखाद्या मोकळ्या पट्टीवर हात धुवायला एक नळ, रात्री दहापर्यंत जळणारा एक दिवा आणि पाठ टेकता येईल असे चार बाक, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. नळ, दिवा आणि बाक या तिन्ही गोष्टी कर्जतच्या फलाटावर प्रवाशांसाठी केव्हाच्या आहेत.