बापांची शाळा

हंगाम सुरू झाला की आपल्या घरातला बाप घरात दिसत नाही. तोडणीची चिठ्ठी, टोळी, ट्रॅक्टर, काटा आणि रात्रीची लाईट आली की मोटर. पोरगं झोपेत असताना बाहेर पडायचं, ते झोपल्यावर परत यायचं. परवा गटऑफिसात एका सभासदाला आम्ही सहज विचारलं, मुलगा कितवीत आहे? गडी विचारात पडला. "पाचवी असेल," म्हणाला. "घरी विचारून सांगतो."

हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नाही. आम्हीही त्याच माळेतले मणी.

आफ्रिकेत रवांडा नावाचा डोंगराळ देश आहे. उताराची तुकड्यातुकड्यांची शेती. घेवडा, बटाटा, केळी. पोरांचं सगळं बाईनं बघायचं, ही रीत तिथंही आहे. तिथं २०१३ ते २०१५ या काळात बापांसाठी 'बांदेबेरेहो' नावाचा कार्यक्रम झाला. नावाचा अर्थ आदर्श, म्हणजे ज्याच्याकडे बघून चालावं असा माणूस. मूळ अभ्यासक्रम ब्राझील, चिली व निकाराग्वा येथील संस्थांनी तयार केलेला.

शिकवायला बाहेरचे साहेब नव्हते. गावातलेच बाप थोडं शिकून पुढे आले. बायको गरोदर आहे किंवा मूल पाच वर्षांच्या आतलं आहे, असे तरुण जमवले. एकूण पंधरा बैठका. त्यातल्या आठ बैठकांना बायकोही शेजारी. बाळंतपण, कुटुंबनियोजन, पोराला न मारता वळण कसं लावायचं, घरचं काम कोणी करायचं, पैशाचा निर्णय कोणी घ्यायचा, असे विषय. भाषण थोडं, बोलणं जास्त. बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास, असं चिडवणारे तिथंही निघालेच.

गुण आला का, हे तपासायला चार जिल्ह्यांतली १,१९९ जोडपी घेतली. काहींना बैठकांना बसवलं, काहींना नाही, आणि २१ महिन्यांनी दोघांकडे विचारपूस केली. वर्षभरात नवऱ्याचा मार खाल्ला असं सांगणाऱ्या बायका एकीकडे शंभरात ५७, बैठकांना बसलेल्यांकडे ३३. तेहतीस हाही आकडा काही थोडा नव्हे. पण पंधरा बैठकांत एवढा फरक पडतो हे वाचून आम्ही तरी चाट पडलो. पोरांना बसणारा मारही कमी झाला, बायकोबरोबर दवाखान्यात जाणारे नवरे वाढले. सहा वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हाही फरक टिकून होता.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकराला १९९७ पासून बाळंतपणात बापाची म्हणून १५ दिवसांची रजा आहे. शेतकऱ्याला रजा कोण देणार? उसाला पाणी द्यायचंच असतं.

तो सभासद मात्र काल काट्यावर पुन्हा भेटला. आम्ही काही विचारायच्या आत म्हणाला, "सहावी. ब तुकडी."