पडद्यावरील समीकरण

गेल्या वर्षीं एका व्याख्यानाच्या प्रसंगीं आमची जी फजिती झाली, ती वाचकांस सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. कारण तिच्यापासून घेण्याजोगा बोध घरोघरच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल. दोनाचा दहावा घात १०२४ होतो, हें आम्हीं स्लाइडवर लिहून नेलें होतें. परंतु एका फाइलींतून दुसरींत मजकूर चिकटवितांना वरचा १० खालीं उतरला आणि पडद्यावर '२१० = १०२४' असें झळकलें! हंशा पिकला, तो आम्हीं सोसला. पण पुढल्या बांकावरील एक मुलगी तेंच मुकाट्यानें वहींत उतरून घेत होती. तें पाहून मात्र आम्ही खरोखर वरमलों.

गद्यांत एखादें अक्षर वरखालीं झालें तरी अर्थ टिकतो; समीकरणांत चिन्हाची जागा हाच अर्थ होय. म्हणूनच खिळ्यांच्या काळीं गणिताची जुळणी छापखान्यांत फार कठीण समजली जाई. अमेरिकेंतील गणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांनीं १९७७ सालीं आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहिलीं, तीं त्यांच्या मनास येईनात. तेव्हां त्यांनीं स्वतःच 'टेक' नांवाची जुळणीची आज्ञावली रचावयास घेतली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं पुढल्या दशकांत 'लाटेक' उभारिली. आणि टिल टांटाऊ यांच्या 'बीमर'मुळें २००३ पासून तिच्यांतून स्लाइडीहि सुबक तयार होऊं लागल्या.

आतां समीकरण स्लाइडवर आणावयाचे मार्ग तीन. पहिला, पुस्तकांतील समीकरणाचें छायाचित्र डकविणें. हा सोपा खरा. पण तें चित्र ठिपक्यांचें असल्यामुळें मोठें केलें कीं अक्षरांच्या कडा विस्कटतात, आणि चूक आढळल्यास दुरुस्तीची सोय नाहीं. दुसरा, पॉवरपॉइंटमधील 'इन्सर्ट' या सदराखालचें 'इक्वेशन' वापरणें. ऑल्ट आणि बरोबर-चिन्ह या कळा एकदम दाबल्या तरी त्याची चौकट उघडते. थोडक्या समीकरणांस हा पुरेसा आहे. तिसरा, लाटेक. तेथें घात दाखविण्यास टोपीसारखें चिन्ह देतात. मात्र १० हे दोन्ही अंक महिरपी कंसांत घातले नाहींत, तर १ तेवढा वर चढतो आणि शून्य खालींच राहतें! यंत्र सुबक जुळणी करतें, आपला हेतु ओळखीत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, एका स्लाइडवर एकच मुख्य समीकरण ठेवावें. तें मागल्या बांकावरून वाचून पाहावें. स्लाइडींची पीडीएफ प्रतहि जवळ बाळगावी, म्हणजे परक्या संगणकावर टंक नसला तरी चिन्हें जागा सोडीत नाहींत. आणि व्याख्यानापूर्वीं प्रत्येक समीकरण मोठ्यानें वाचावें. आम्हीं एवढें केलें असतें, तर 'दोनशें दहा' हे शब्द आमच्याच कानांस खटकले असते.

व्याख्यान संपल्यावर त्या मुलीची वही आम्हीं मागून घेतली आणि तो १० स्वहस्तें वर चढविला. परंतु त्या दिवशीं सभागृहांत आणखी किती वह्या उघड्या होत्या, हें कोणीं मोजलें?