पुडीने पाळी येत नाही

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची ती छोटी पुडी आता घरोघरी ओळखीची झाली आहे. आठवड्यातून एकदा फोडायची, दुधात ढवळायची आणि घ्यायची. पीसीओएस, म्हणजे बोलण्यातलं पीसीओडी, हा संप्रेरकांचा विकार असलेल्या मुलीच्या फाईलमध्ये ‘डी-थ्री कमी’ हा रिपोर्ट बहुधा असतोच. मग घरात समज पक्का होतो, की डी भरून निघालं की पाळी नियमित होईल आणि वजनही उतरेल.

इथे कार्यकारणाची गफलत होते. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. अंगात चरबी जास्त असेल तर ते तिथेच साठून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. 2000 साली बोस्टनमधल्या संशोधकांनी लठ्ठ आणि सडपातळ माणसांना सारख्याच अतिनील किरणांखाली ठेवलं. लठ्ठ गटाच्या रक्तात ड जीवनसत्त्वाची वाढ 57 टक्के कमी झाली. पुढे 2013 मध्ये सुमारे 42 हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून दिसलं, की वजन वाढल्याने ड घटतं. ड घटल्याने वजन वाढतं याला मात्र तसा पुरावा मिळाला नाही.

पीसीओएसमध्ये मूळ गुंता बहुतेक वेळा इन्सुलिनचा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते अधिक तयार करतं. या जादा इन्सुलिनमुळे बीजांडकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात, बीज पुरतं पिकत नाही आणि पाळी लांबते. हनुवटीवर केस येतात, मान काळवंडते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे या बीजांच्या अर्धवट वाढलेल्या पिशव्याच. त्यांना घाबरण्याचं कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 मधल्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या 8 ते 13 टक्के स्त्रियांना पीसीओएसचा त्रास होता. मुंबईत 15 ते 24 वयोगटातल्या मुलींच्या पाहणीत निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के, तर अधिक कडक निकषांनी 10.7 टक्के मुलींमध्ये तो आढळला.

वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ऐंशी किलोच्या बाईसाठी हे चार ते आठ किलो झाले. पण हा आजारच वजन उतरवणं अवघड करतो, त्यामुळे ‘तोंडावर ताबा ठेव’ असं तिला सुनावणं अन्यायाचं आहे. शिवाय सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो.

ड खरोखर कमी असेल तर ते हाडांसाठी भरून काढलंच पाहिजे. इन्सुलिनवर त्याचा काय परिणाम होतो, याबाबत छोट्या चाचण्यांचे निकाल जुळत नाहीत. पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यावी. आठवड्याची पुडी रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आणि तीन महिने पाळी आली नसेल, तर मेडिकलच्या दुकानात न जाता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि साखर व रक्तदाबही तपासून घ्या.